काचपेटीतली वेणी

३ फेब्रुवारी

प्रिय पिने,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझे डोळे भरून आले असतील. माझेही आले. आयुष्याच्या संध्याकाळी प्रकाश, टाळ्या, गर्दी, सगळं मागे पडतं गं. उरतात ती आपली माणसं. मावसबहिणीपेक्षा जवळचं मला आता कोण आहे?

आनंदाची बातमी देते. इथल्या चित्रपट संग्रहालयात माझं दालन होतंय. कोपरा नाही, अख्खं दालन. माझे पोशाख, पोस्टरं, माझी मेकअपची खुर्ची. आणि मधोमध काचपेटीत ती वेणी. तुला वेगळं सांगायला नको. नायिका आरशासमोर उभी राहून आपली गुडघ्यापर्यंतची वेणी कात्रीनं कापते, उंबऱ्यावर टाकते आणि सासरचं घर सोडते. त्या एका दृश्यानं मला मी केलं. लोक अजून विचारतात, बाई, कलेसाठी केस कापताना काहीच वाटलं नाही? मी नुसती हसते.

वेणी मी जपून ठेवलीय असं मी आजवर प्रत्येक मुलाखतीत सांगत आलेय. पण खरं म्हणजे शूटिंग झाल्यावर तूच ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली होतीस. तुझ्या पत्र्याच्या पेटीत असेल. संग्रहालयाची मुलगी, जाड चष्म्याची, फार हुशार, तिनं पाटीही लिहून ठेवलीय, वेणीच्या लाल फितीसकट. २० मार्चला उद्घाटन. त्याआधी नातीच्या हाती पाठवून दे.

तुझे गुडघे कसे आहेत? माझं म्हणशील तर सत्त्याहत्तराव्या वर्षीही कुणी वय ओळखत नाही.

तुझीच,
ठमी


९ फेब्रुवारी

ठमे,

वर काय लिहावं इथेच गाडी अडली. तू माझ्याहून वर्षानं मोठी, म्हणजे साष्टांग नमस्कार लिहायला पाहिजे. पण तुझ्या पत्राप्रमाणे तू सत्त्याहत्तर आणि मी ऐंशी, म्हणजे आशीर्वाद. तुझं वय एकदा पक्कं झालं की कळव. तोवर नुसतं ठमे.

डोळे भरून आले म्हणतेस, ते आले. मोतीबिंदू आहे. गुडघे दोन होते, दोन्ही गेले.

आता वेणी. 'माझी वेणी' असं लिहायचं होतं तुला, नुसतं 'वेणी' लिहून शाई वाचवलेली दिसते. ठमे, तुझी वेणी मला ठाऊक आहे. उंदराच्या शेपटीला जास्त केस असतात. रोज सकाळी दोन तास ती फुगवता फुगवता माझी बोटं दुखायची, आणि तू आरशात बघून म्हणायचीस, आज जरा दाट वाटतायत ना? तोंडात पिना असायच्या म्हणून मी हूं म्हणायचे. त्या पिनांमुळेच तर सगळा स्टुडिओ मला पिनी म्हणायला लागला, आणि फार सालस पोरगी आहे असंही म्हणायला लागला. तोंडात आठ पिना धरल्या की कुणीही सालसच दिसतं. आता दात नाहीत. पिना धरायची सोय गेली, तेव्हा सगळं बोलणार आहे.

तर त्या दिवशी आरशासमोर पाठमोरी मी उभी होते. केस माझे, पाठ माझी, कात्री चालवणारा हात माझा. दिग्दर्शक म्हणाला, एकच टेक, पोरी, दुसरा मागायला केस नाहीत. मी एका टेकमध्ये दिला. तू तेव्हा मेकअपच्या खोलीत बिस्किट खात होतीस. आदल्या दिवशी त्याच खोलीत माझ्या पायाशी बसून म्हणाली होतीस, पिने, एवढं कर, नाहीतर हा सिनेमा दुसरीला जाईल, सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये तुझं नाव घालायला लावते बघ. सिनेमा लागला. मी पाट्या डोळ्यांत तेल घालून वाचल्या. त्यातल्या कुत्र्याचं नाव होतं. माझं नव्हतं.

तेही मी गिळलं. पण अकरा वर्षांपूर्वी टीव्हीवर तुझी मुलाखत होती तेव्हा मी अर्धी इमारत घरी गोळा करून बसले होते. त्या बाईनं विचारलं, तुमची केशभूषा कोण करायचं? तू म्हणालीस, 'होती एक, पिना हातात द्यायची.' शेजारणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठून चहा ठेवला.

वेणी पाठवत नाही. ती कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि ती सुखात आहे.

परवाच्या बातम्यांत तुला पाहिलं. अंबाडा छान होता. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला.

पिनी


१७ फेब्रुवारी

पिने,

किती विखार साठवून ठेवलास! मुलाखतीत माणूस घाबरतो, काहीतरी बोलून जातो. त्यासाठी अकरा वर्षं? 

मी तुझ्याशी भांडणार नाही. फक्त विचार कर. उद्घाटनाला मोठमोठी माणसं येणार. मधली पेटी रिकामी राहिली तर चष्मेवाली काय म्हणेल? आजच तिचा फोन आला, वेणी कधी देताय, प्रकाश कसा टाकायचा ते बघायचंय. मी म्हटलं, बँकेच्या लॉकरमध्ये आहे. आता लॉकर कुठून आणू?

तुला वाटत असेल ही म्हातारी नावासाठी हपापलीय. हो, आहे. गेल्या नऊ वर्षांत मला कुणी काम विचारलेलं नाही. मागच्या महिन्यात एका समारंभात दारावरच्या मुलीनं मला विचारलं, आजी, तुम्ही कुणाबरोबर आलात? हे दालन झालं नाही तर मी मेल्यावर बातमीत फोटो दुसरीचाच लावतील, बघ.

आणि एक लक्षात घे. केस तुझे असतील. मी कधी लेखी नाकारलेलं नाही. पण लोक पाठीसाठी येत नव्हते. वेणी खाली पडते आणि नायिका वळते, तेव्हा तो चेहरा कुणाचा होता? डोळ्यांत पाणी येतं, गालावर येत नाही, तिथल्या तिथे थांबतं. त्यावर लोकांनी लेख लिहिलेत. ग्लिसरीन नव्हतं पिने. ते माझं होतं.

ठमी


२६ फेब्रुवारी

ठमे,

फोटो दुसरीचा लावतील ही भीती खरी आहे. पण तुझा लावायचा म्हटलं तरी पंचाईतच, कारण तूच गेली तीस वर्षं जुनेच देतेस.

नातीला सांगून तो सिनेमा मोबाईलवर काढायला लावला. माझी पाठ बघितली. बरी होती पाठ. नात म्हणाली, आजी, ही तू? मी म्हटलं, बाळा, नीट बघून घे, घराण्यात पडद्यावर गेलेला एवढाच भाग आहे. 

मग तू वळलीस. डोळ्यांत पाणी बिणी सगळं जागच्या जागी. नातीनं नाक ओढलं. मग मी तिला तुझ्या अश्रूंची रीत सांगितली. तुलाही सांगते, लेख लिहिणाऱ्यांना कळवून टाक. तुला रडू येत नसे. आईच्या मरणाच्या शॉटला तू जांभई दिली होतीस. ग्लिसरीननं तुझे डोळे सुजायचे. म्हणून आपलं दोघींचं ठरलं होतं, मी मागून केस सारखे करायच्या निमित्तानं यायचं आणि एक पिन डोक्यात अर्धा जव जास्त खुपसायची. मग मी बाजूला व्हायचं आणि कॅमेरा सुरू. विधवा झालीस तेव्हा एक पिन. पोर हरवलं तेव्हा दोन. दिग्दर्शक म्हणायचा, काय आतून येतं हिच्या! आतून नव्हे बाबा, वरून येत होतं. तुझ्या भिंतीवर जेवढी बक्षिसं टांगलीत ती माझ्या पिनांची आहेत.

त्या दिवशीही मी तुझ्या डोक्यावर तो आखूड केसांचा टोप चढवला, आणि तेव्हाच टोचली असणार. सवयीचा हात. तेव्हा 'ते माझं होतं' वगैरे मला सांगू नकोस. पाठ माझी, केस माझे, पिन माझी. तुझं काय होतं गं? टाळू.

माझं काय झालं तेही ऐकून ठेव. पोरासारखं डोकं घेऊन बसनं घरी गेले. माझं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या सासूनं दार उघडलं आणि माझ्याकडे बघून परत लावून घेतलं. ठरलेलं मोडलं. बरंच झालं म्हणा, नवरा मुलगा पुढे टकला झाला, म्हणजे त्या घरात केसांचा शापच होता. आमचे हे स्टुडिओत दिवे लावायचे. ते म्हणाले, आता तुझ्या मानेवर उजेड चांगला पडतो. दिवेवाल्याला एवढंच सुचायचं. केलं लग्न.

वेणी मिळणार नाही. लॉकरला आग लागली म्हणून सांग. तुला खोटं शिकवायला मी कोण?

पिनी


४ मार्च

पिनी,

तुझं पत्र वाचून आधी चिडले. मग बसून आठवलं. आठवायला मला आता वेळच वेळ आहे.

पिनांचं खरं आहे. सगळं खरं आहे. जांभईसुद्धा. पण त्या दिवशी पिन नव्हती.

टोप तू चढवलास, पण टोचली नाहीस. तशीच निघून गेलीस. सकाळी तुझा शॉट झाला तेव्हा मी बिस्किटही खात नव्हते. कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. दुपारी मला आरशासमोर उभं केलं. दिग्दर्शक म्हणाला, वळ आणि दाराकडे बघ. मी मनात म्हटलं, आता पिनी येईल मागून. आली नाही. मी वळले. दार उघडं होतं आणि बाहेरच्या पायरीवर तू बसली होतीस. डोक्याला टॉवेल, मान उघडी. तुला सवय होती, बसलं की वेणी पुढे घ्यायची. तुझा हात मागे जायचा, काही सापडायचं नाही, मग मांडीवर येऊन बसायचा. परत जायचा.

मी ते बघितलं. तेवढंच. कॅमेरा चालू होता.

पुढं मला तसं कधी जमलं नाही. म्हणून पुढच्या सगळ्या सिनेमांत मी तुला मागे उभी करायचे. तुला वाटायचं, मला तुझी गरज केसांसाठी आहे.

मुलाखतीत मी तसं का म्हणाले ते मला माहीत आहे. 'वेणी तिची होती' असं तोंडावर आलं होतं. ते आवरायला जे सुचलं ते बोलले.

वेणी नको पाठवूस. चष्मेवालीला मी सांगते काहीतरी.

ठमी


१० मार्च

ठमे,

पत्र दोनदा वाचलं. अक्षर फार वाईट आहे तुझं.

पायरीचं मला आठवत नाही. ऊन होतं एवढं आठवतं. आणि कुणीतरी मला पाणी आणून दिलं होतं, ते आमचे हे असावेत. तू सांगतेस तर पिन नसेल. ऐंशी वर्षांच्या बाईनं एका पिनेसाठी किती भांडायचं?

आता नीट ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे आणि लिहिताना बोटं दुखतात.

वेणी माझ्या पेटीत नाही. कधीच नव्हती. त्या सिनेमानंतर तू मोठी झालीस आणि तुझे होते नव्हते ते केस जायला लागले. रोजचे गरम चिमटे, रंग, दुसरं काय होणार? कंगव्यात आलेले पुंजके मी तुला दिसण्याआधी खिशात घालायचे. निर्मात्याच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुझ्या खुर्चीत दुसरी. मी ती वर्तमानपत्राची पुडी टोप करणाऱ्याकडे नेली. त्यानं तिचं गंगावन करून दिलं. तुला म्हटलं, स्टुडिओचं आहे, जपून वापर. तू म्हणालीस, शी, कुणा बाईचे केस असतील कोण जाणे.

आत्ता कळलं कुणा बाईचे?

चौदा सिनेमे तू मला डोक्यावर घेऊन नाचलीस. आधी लांब वेणी, तेव्हा नायिका होतीस. मग अंबाडा, तेव्हा मोठी वहिनी झालीस. मग त्याच अंबाड्याला मी पांढरी पावडर चोपडली आणि तू आई झालीस, पुढे आंधळी आई. नायक तोच होता. तो मेला अजून कॉलेजातच.

आता उठ आणि डोक्यावरचा अंबाडा उतरव. मुळाशी काळी पट्टी शिवलेली आहे, ती उसव. आत लोकरीची गाठ असेल. वेणी कापल्यावर सुटू नये म्हणून मीच ती बांधली होती. लाल नाही, हिरवी आहे. भावाच्या स्वेटरमधली उरलेली. सिनेमा काळा-पांढरा होता म्हणून लोकांनी वाटेल तो रंग लावला, आणि तूही लोकांचंच ऐकलंस.

हे तेव्हाच का सांगितलं नाही म्हणशील. तुझा तोरा मला ठाऊक होता. माझे आहेत म्हटल्यावर तू ते घातले नसतेस. आणि पेटीत ठेवून मी ते काय झुरळांना घालणार होते?

पिनी


१४ मार्च

पिने,

हिरवी आहे.

आता माझं काय ते ऐक. खाली काही उरलेलं नाही. कापूस आहे थोडा, कानांपाशी. कामवालीनंसुद्धा मला गंगावनाशिवाय पाहिलेलं नाही, मी आतून कडी लावून ठेवते. ही काचपेटीत गेली तर मी तिथे कशी उभी राहू? बाजारात दुसरं मिळतं म्हणे, नायलॉनचं. काल घालून पाहिलं. दुकानातल्या बाहुलीसारखी दिसत होते.

रिकामी पेटी की रिकामं डोकं, तूच सांग.

ठमी


१६ मार्च

ठमे,

मी का सांगू? मागच्या वेळी तुझं ऐकून माझं डोकं रिकामं झालं होतं. या वेळी तुझं तू बघ.

एक अनुभवाचं सांगते. पहिले आठ दिवस मानेला गार लागतं. नंतर सवय होते.

पिनी


२३ मार्च

ठमे,

नातीनं उद्घाटनाचं सगळं मोबाईलवर दाखवलं. तीन वेळा. पहिल्यांदा माझा चष्मा सापडत नव्हता, दुसऱ्यांदा शेजारीण आली, तिसऱ्यांदा नीट पाहिलं.

फीत कापलीस, भाषणं झाली, सगळे पेटीभोवती गोळा झाले आणि पेटी रिकामी. चष्मेवालीचा चेहरा बघण्यासारखा होता. मग तू दोन्ही हात मागे नेलेस. मला कळलं. मी नातीला म्हटलं, बघ, आता ही पिना काढणार. पहिली, दुसरी, तिसरी काढलीस आणि सवय नसताना तोंडात धरल्यास. अंबाडा उतरवलास, उलगडलास, उशीवर ठेवलास. फोटोवाले फोटो काढायचे विसरले. खाली पांढरा कापूस, आणि इतकं थोडं मी बाळाच्या डोक्यावर पण पाहिलेलं नाही.

आणि मग एवढं मोठं वाक्य बोललीस तेही पिना तोंडात ठेवून! कुणाला कळणार? सगळे एकमेकांना विचारायला लागले, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. शेवटी पिना काढून परत बोललीस, 'ही माझी नाही. माझ्या मावसबहिणीची आहे. मी नुसती घातली.' म्हणजे दुसरा टेक. तुला एका टेकमध्ये कधी जमलंय?

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. दालनाच्या बाहेरचे लोक आत शिरायला लागले. मी इथे खाटेवर बसून बघत होते. केस माझे, खरं बोलायचं ते माझ्याबद्दल, आणि टाळ्या तुला. साठ वर्षांत काडीचा फरक पडलेला नाही. आता तू आणखी दहा वर्षं मरत नाहीस, आणि मेलीस की फोटो हाच लावतील. तू दुसरी कुणी आहेस असं कुणाला वाटणार नाही.

डोळ्यांतलं पाणीही पाहिलं. आलं, गालावर आलं नाही, तिथेच थांबलं. मागे कुणी उभं होतं का ते मी मुद्दाम बघितलं. कुणी नव्हतं.

काल चष्मेवालीचा फोन आला होता. पाटी बदलतोय, तुमचं नाव कसं लिहू, विचारत होती. गोड पोरगी आहे. मी म्हटलं, कसंही लिहा, फक्त कुत्र्याच्या खाली नको. तिला काही कळलं नाही. वेणीची फीत हिरवी लिहायला सांगितली.

मान गार पडली असेल. लोकरीची टोपी विणायला घेतली आहे. तुझ्या डोक्याचं माप माझ्या लक्षात आहे, साडेएकवीस इंच. पण ते तू शिखरावर होतीस तेव्हाचं. आता एकदा पट्टी लावून नीट मोजून कळव, टाके त्याप्रमाणे कमी करते.

पिनी